दारात अडणारे काका

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या दारात उभे होते आणि त्यांच्यामागे पाच-सहा पेशंट खोळंबले होते. एक बाई प्लास्टरचा हात सांभाळत उभी होती. कमरेला पट्टा बांधलेला, कळंबोलीच्या लोखंडबाजारातला एक ट्रकड्रायव्हर "चला ना बाबा, चला" म्हणत होता. काकांनाही चालायचंच होतं, ते बघणाऱ्याला कळत होतं. अंग पुढे झुकलं होतं, टाचा उचलल्या होत्या, गुडघे थरथरत होते. पावलं मात्र फरशीला चिकटल्यासारखी जागची हलत नव्हती. शेवटी ड्रायव्हरनं चांगल्या हेतूनं त्यांना मागून हलकंसं ढकललं. काका इवल्या इवल्या पावलांनी भराभर आत आले आणि माझ्या टेबलाला येऊन धडकले.

"माफ करा हं," टेबलाची कड धरून ते म्हणाले. "दार आलं की माझं असं होतं. मोकळ्या रस्त्यावर बघा, तुम्हाला मागे टाकीन."

मी तेव्हा एमपीटीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होते. फिजिओथेरपीची पदवी परभणीकडच्या एका कॉलेजातून घेऊन, मज्जासंस्थेच्या आजारांचा विषय निवडून पनवेलला आले होते. खांदा कॉलनीत दोन मैत्रिणींबरोबर एक फ्लॅट भाड्याने घेतला होता. सकाळी ओपीडी, दुपारी सेमिनार, मधल्या वेळात इंटर्न मुलींना शिकवणं आणि सतत डोक्यावर प्रबंधाच्या विषयाची टांगती तलवार. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझे तीन विषय आधीच परत केले होते. "हे सगळं झालेलं आहे," त्या म्हणायच्या. "तुला स्वतःला काय कळत नाहीये, ते मला सांग." मला काय कळत नाही याची यादी करायची तर वही पुरली नसती, पण त्यातून एक प्रश्न वेगळा कसा काढायचा, ते जमत नव्हतं.

काकांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली होती. औषधं चालू होती, हाताचा कंप फारसा नव्हता. त्रास होता तो पाय अडण्याचा. मी फॉर्म भरायला घेतला तेव्हा त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच पत्ता लिहायला लागले. पहिला शब्द सुरेख, टपोरा. पुढे प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा बारीक होत गेलं आणि "जुने पनवेल" लिहीपर्यंत मुंगीएवढं झालं.

"चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, नकाशे काढायचो," ते म्हणाले. "अक्षरावर नोकरी मिळाली होती मला. आता बघा."

आडनाव 'कर'नं संपणारं. मी विचारलं, "मूळ कोकणातले का?"

"कोकणातलेच. आम्ही ज्यू. बेने इस्राएल."

मी फॉर्मवरून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं असणार. पनवेलला इस्राईल तळं आहे हे रिक्षावाल्यांच्या तोंडून मी रोज ऐकत होते, पण ते नाव कशावरून पडलं असेल असा विचार कधी डोक्यात आला नव्हता. आणि समोरचा माणूस तर माझ्या मामांसारखा दिसत होता, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत होता.

"घाबरू नकोस," काका हसले. "दोन हजार वर्षांपूर्वी आमचं गलबत इथल्या किनाऱ्याला फुटलं असं म्हणतात. तेव्हापासून इथेच आहोत. आधी तेल गाळायचो. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगावी आम्हाला शनवार तेली म्हणायचे. मग शिकलो, नोकऱ्यांना लागलो, आणि मग बहुतेक जण तिकडे इस्राएलला गेले. माझी मुलगीही तिकडेच आहे. आम्ही दोघं राहिलो."

सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "ते सगळं नंतर सांगा. आधी तिला सांगा, मोरीच्या दारात दोनदा पडलात ते."

अशी आमची सुरुवात झाली.

पार्किन्सन्समध्ये पाय असे का अडतात, याचं सरळ उत्तर कुणाकडेच नाही. अरुंद जागा आली, वळायचं असलं, घाई झाली की चालण्याची आपोआप चालणारी क्रिया मध्येच बंद पडते. मात्र समोर काहीतरी ठोस दिसलं, जमिनीवरची रेघ, जिन्याची पायरी, तर तोच माणूस पटकन पाय उचलतो. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. प्रत्यक्ष बघणं वेगळं. विभागातल्या दाराआधी मी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या चार रेघा मारल्या आणि काकांना म्हटलं, "एकेक रेघ ओलांडा." ते थांबले, रेघेकडे बघितलं आणि सैनिकासारखा पाय उचलून आरपार गेले. इंटर्न मुलींनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर तेव्हा कमरेला शेक घेत पालथा पडला होता, तोसुद्धा मान उचलून "वा बाबा!" म्हणाला. मला तर वाटलं, झालं, सुटलं कोडं.

मी त्यांना घरी तशाच रेघा मारायला सांगितलं. उरलेली चिकटपट्टी काकूंच्या पिशवीत घालून दिली.

चौथ्या दिवशी काका आले ते कोपर काळंनिळं करून. मोरीच्या दारात रेघा मारल्या होत्या. रेघ दिसावी म्हणून ते खाली वाकून बघत होते. पहिली ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि डोकं चौकटीवर आपटेल या भीतीने अंग मागे घेतलं तसे कोलमडले. काकूंनी उरलेली पट्टी माझ्या टेबलावर ठेवली, एवढंच.

मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती. विभागातलं दार रुंद, उजेडातलं. त्यांच्या घरातलं मी बघितलंही नव्हतं. मॅडमना सांगायला गेले तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्यांच्या घरी कुठे कुठे अडतं आणि कुठे कुठे अडत नाही?"

"दारात अडतं, मॅडम."

"सगळ्या दारात?"

मला माहीत नव्हतं.

"मग जा आणि बघ. आणि यावेळी नुसतं बघ. काही शिकवायला जाऊ नकोस."

जुन्या पनवेलात त्यांचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट होता. इमारतीखाली मसाल्याचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम धण्याचा वास. मी गेले तेव्हा काकांनी कागदावर घराचा नकाशा काढून ठेवला होता. पट्टी लावून, प्रमाणात, भिंतींच्या जाडीसकट. ज्या ज्या ठिकाणी पाय अडतात तिथे लाल पेन्सिलने गोल केले होते.

"मी म्हटलं, तुझं काम सोपं करावं," ते म्हणाले. "दोन दिवस खुणा करत होतो."

नकाशाकडे बघून मी चक्रावले. घराला पाच दारं. बाहेरचं मुख्य दार, हॉलमधून स्वयंपाकघरात जाणारं, हॉलमधून झोपायच्या खोलीत जाणारं, आणि मोरीचं व संडासाचं. लाल गोल फक्त शेवटच्या दोन दारांत. मुख्य दार तर सगळ्यांत अडचणीचं होतं. बाहेर चपलांचं स्टँड, आत लगेच वळण, शिवाय उंबरा. तिथे काहीच नाही.

"मुख्य दारात अडत नाही?" मी पुन्हा विचारलं.

"कधीच नाही."

"संडास-मोरीचं दार अरुंद आहे का जास्त?"

काकांनी नकाशावर बोट ठेवलं. "दोन इंचांनी. पण स्वयंपाकघराचंही तेवढंच आहे. मी मोजलंय."

मग मी त्यांना घरभर चालायला लावलं. गोळी घेऊन तासाभराची वेळ साधली होती, कारण औषधाचा जोर असताना आणि नसताना चालण्यात खूप फरक पडतो. मोबाइलवर चित्रीकरण करत मी मागे मागे. काका हॉलमधून झोपायच्या खोलीत गेले, बाहेर आले. स्वयंपाकघरात गेले, काकूंनी ओट्यावरची खोबऱ्याची वडी हातात दिली, ती खात बाहेर आले. मुख्य दारातून बाहेर गेले, जिन्याच्या कठड्यापर्यंत जाऊन परत आत आले. कुठेही अडले नाहीत. मोरीच्या दाराशी आले आणि एखाद्या यंत्राची वायर काढावी तसे जागच्या जागी थांबले.

मी तीनदा सगळं करून घेतलं. तिसऱ्या खेपेला माझं लक्ष त्यांच्या पायांवरून हातांकडे गेलं.

मुख्य दारातून आत येताना काकांनी उजवा हात वर नेला, चौकटीवर खांद्याच्या उंचीला ठोकलेल्या बोटभर लांबीच्या एका पितळी नळीला बोटं लावली आणि बोटं ओठांना टेकवली. इतक्या सहज की ते आधी दोनदा होऊनही मला दिसलं नव्हतं. झोपायच्या खोलीच्या चौकटीवर तशीच एक नळी, स्वयंपाकघराच्या चौकटीवर एक. प्रत्येक वेळी हात वर, बोटं ओठांना.

"काका, हे काय आहे?"

"मेझुझा. आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना असते. येता-जाता हात लावायचा. लहानपणापासून लावतोय."

"मोरीला नाहीये?"

काकू स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या. "अगं, देवाचं नाव असतं त्यात! मोरीला कोण लावतं?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. ज्या दारावर मेझुझा, तिथे पाय अडत नव्हते. जिथे नाही, तिथे अडत होते. आमच्या विभागाच्या दारावर तर नव्हतीच. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या नकाशाकडे बघितलं आणि त्यांच्याही लक्षात आलं.

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना शंकाच उरली नव्हती. "मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या. "तोच आत नेतो आणि तोच बाहेर आणतो."

मला त्यांना दुखवायचं नव्हतं. मी नकाशाचा फोटो काढून घेतला आणि निघाले.

पुढचे काही दिवस मला दुसरं काही सुचेना. त्यात मी एक मोठी चूक केली ती अशी की आधी श्रद्धेलाच तपासायला निघाले. आमच्या विभागाच्या दाराच्या चौकटीवर मी एक चकचकीत स्टिकर लावला आणि काकांना म्हटलं, "याला हात लावून आत या." त्यांनी हात लावला आणि तिथेच अडले. माझ्या मनात आलं, म्हणजे काकूंचंच खरं. पण मॅडमनी स्टिकरकडे बघून विचारलं, "एवढा खाली का लावलास?" मी तो माझ्या सोयीने, कोपराच्या उंचीवर लावला होता. काकांनी हात नुसता पुढे केला होता, वर नेला नव्हता. "वस्तू आणि उंची, दोन गोष्टी एकदम बदलल्यास," मॅडम म्हणाल्या, "आता कशामुळे काय झालं ते कसं कळणार?"

मी मोबाइलवरचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघायला लागले. सावकाश गतीने, जेवताना, बस थांब्यावर, सेमिनारमध्ये वहीखाली धरून. बहुधा विसाव्या वेळी बघताना एक गोष्ट दिसली आणि मी एवढ्या मोठ्याने "आई गं!" म्हटलं की शेजारची मैत्रीण दचकली. घरात येताना काकांचा नेहमी डावा पाय आधी पडत होता. बाहेर जाताना नेहमी उजवा. एकदाही उलटं नाही.

मेझुझा आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. तीच बाहेर जाणाऱ्याच्या डाव्या बाजूला येते.

रविवारी दुपारी मी विभागातून मागून आणलेले दोन वजनकाटे आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्या मैत्रिणीला एका काट्यावर एक पाय असं उभं केलं. ती बी.एड. करत होती, तिला वाटलं मी तिचं वजन मोजतेय.

"दोन काटे कशाला गं? एकाने भागत नाही का माझं?"

"गप्प उभी राहा. आता उजवा हात वर ने आणि त्या कपाटाच्या वरच्या कडीला लाव."

तिने हात वर, बाजूला नेला आणि उजव्या काट्याचा आकडा भराभर चढला, डाव्याचा उतरला. मी तिला खाली उतरवून दुसऱ्या मैत्रिणीला चढवलं, मग स्वतः चढले. प्रत्येक वेळी तेच. उजवीकडे वर हात नेला की अंगाचा भार उजव्या पायावर जातो आणि डावा पाय मोकळा होतो. अडलेल्या माणसाचे दोन्ही पाय भाराखाली दाबलेले असतात. पाऊल उचलायचं तर आधी एक पाय हलका व्हायला हवा, आणि आजारात नेमकं तेच आपोआप होत नाही. काकांचा हात गेली सत्तर वर्षं प्रत्येक दारात ते काम न सांगता करत होता.

निदान मला तसं वाटलं. सोमवारी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ चित्रीकरण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण हा प्रश्न आहे. हा मला हवा होता."

आता मोरीचं करायचं काय? तिथे मेझुझा लावता येणार नव्हती आणि तशी काही खोटी वस्तू लावणं काकूंना आवडलं नसतं. उत्तर त्या घरात आधीपासून होतं. मोरीच्या दिव्याचं बटण बाहेर होतं, चौकटीला लागून, उजवीकडे, चांगलं उंचावर. काका मोरीकडे निघाले की काकू धावत पुढे जाऊन दिवा लावायच्या. त्यांना अंधारात धडपडायला नको म्हणून, मायेनं.

"काकू," मी म्हटलं, "दिवा त्यांना लावू द्या."

"आणि पडले तर?"

"मी मागे उभी आहे."

काका दाराशी आले. पाय थांबले. मी म्हटलं, "घाई नाही. हात पूर्ण वर न्या, अंग त्या बाजूला जाऊ द्या, मग बटण." त्यांनी हात वर नेला, अंग उजवीकडे झुकलं, बटण खटकलं, दिवा लागला आणि डावा पाय उचलून ते आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "बाई, आता दार लावून घेऊ का, की हेही चित्रीकरणात हवंय?" काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्या घरी त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

बाहेर येताना आतल्या बाजूला काहीच नव्हतं. त्यासाठी सुताराला बोलावून डाव्या चौकटीजवळ एक पकडायची दांडी बसवून घेतली. तिची जागा काकांनी स्वतः नकाशावर आखून दिली, आणि सुतारानं अर्धा इंच चुकवली म्हणून त्याला परत काढायला लावली. संडासाच्या दारालाही दोन्ही बाजूंना तशाच दांड्या बसवल्या.

सगळं एकदम छान झालं असं नाही. काही दिवस युक्ती चालायची, काही दिवस नाही. गोळी लांबली किंवा मन कशात गुंतलं तर हात वर जायचा आणि पाय तरीही तिथेच. मोरीतलं पडणं मात्र थांबलं.

दोन-एक महिन्यांनी व्यायाम चालू असताना काका म्हणाले, "मला शनिवारी प्रार्थनेला जायचंय."

त्यांचं सिनेगॉग घरापासून चालत थोड्याच अंतरावर होतं, बाजाराच्या गल्लीतून. वर्षभर ते गेले नव्हते. शेवटी गेले तेव्हा फाटकात अडले, आतल्या कुणीतरी हात धरून ओढलं आणि सगळ्यांसमोर ते पडले. मुका मार लागला होता, पण त्यांनी घरात बसणं पत्करलं ते त्यामुळे नव्हे, सगळ्यांनी बघितलं म्हणून.

"आमच्यात पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," ते म्हणाले. "पूर्वी मोजायची वेळ यायची नाही. आता फोन करून करून जमवावे लागतात. मागच्या आठवड्यात नऊच होते म्हणे. तासभर वाट बघितली, मग तसेच घरी गेले. मी घरीच होतो. पाच मिनिटांवर."

आम्ही तीन आठवडे तयारी केली. वाटेत कुठे अरुंद आहे, कुठे स्कूटर लावलेल्या असतात, कुठे वळण आहे, सगळं दोघांनी बघून ठेवलं. हात न लावता पाय मोकळा करायची आणखी एक रीत शिकवली. जागच्या जागी भार एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, संथपणे, आणि मग पाऊल. त्यांनी स्वतः तिथल्या वडीलधाऱ्यांना फोन करून सांगितलं, "मी थांबलो तर थांबू द्या. मला कुणी ओढायचं नाही."

शनिवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर होते. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. काकांनी पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर छोटी गोल टोपी. बाजार उघडत होता. भाजीवाल्या टोपल्या मांडत होत्या, आणि काका खरोखरच माझ्यापुढे चालत होते. सिनेगॉगच्या दाराची मला काळजी नव्हती. तिथे मेझुझा होतीच. काळजी होती लोखंडी फाटकाची. त्याची एकच झडप उघडी असायची.

ते तिथेच अडले.

त्यांनी हात वर नेऊन फाटकाचा गज धरला. काही झालं नाही. पुन्हा प्रयत्न केला. गुडघे थरथरायला लागले. आतल्या ओट्यावर चार-पाच माणसं उभी होती, सगळी बघत होती. एकजण पायरी उतरून पुढे आला आणि मग आठवल्यासारखा थांबला. माझा हात नकळत काकांच्या दंडाकडे गेला होता.

"नको," ते मागे न बघता म्हणाले. "थांब."

आम्ही थांबलो. काकू थांबल्या, आतली माणसं थांबली. मागून एक फळवाला गाडी घेऊन आला, त्याला वाट हवी होती. आमच्याकडे बघून तोही थांबला. काकांनी डोळे मिटले. अंग हळूच डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, पुन्हा डावीकडे. मग उजवा पाय उचलला आणि ते आत होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओट्यावरचे एक म्हातारे गृहस्थ फक्त म्हणाले, "ये. उशीर झाला तुला."

मी काकूंबरोबर बायकांच्या बाजूला बसले. प्रार्थना हिब्रूत होती, मला एक शब्द कळत नव्हता, पण मधूनच कानावर पडणाऱ्या चालीत कुठेतरी आपल्याकडच्या भजनासारखं वळण यायचं आणि मी चमकून बघायचे. आलेले पुरुष मी मोजले. काकांसकट अकरा होते. म्हणजे ते आले नसते तरी चाललं असतं. मी हे काकूंना सांगितलं नाही, बाहेर आल्यावर काकांनीच मिस्किलपणे सांगितलं, "अकरावा निघालो. पुढच्या खेपेला कुणाला तरी सुट्टी देता येईल."

त्यानंतर साधारण वर्षभर ते बहुतेक शनिवारी गेले. माझा प्रबंध त्याच प्रश्नावर झाला. दारात अडणाऱ्या पेशंटनी पाऊल टाकण्याआधी हात बाजूला वर नेला तर काय होतं? काहींना चांगला फायदा झाला, काहींना अजिबात नाही, आणि दोघांना तर हात वर नेल्यावर तोल जातोय असं वाटून जास्तच भीती बसली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग तुमच्या पहिल्या पेशंटला फायदा कशाचा झाला? हाताचा, की सत्तर वर्षांच्या सवयीचा, की त्याच्या श्रद्धेचा?" मी सांगितलं की या तीन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या ते मला कळलेलं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्या हसत होत्या असं मला वाटलं. मी पास झाले.

काका-काकूंना पुढच्या वर्षी मुलीनं तिकडे नेलं. जायच्या आधी मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी मला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "तू तुझं लिहिलंस ते लिहिलंस. मला माहितीये कोण नेत होतं आत ते." काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आता ते घराबाहेर व्हीलचेअर वापरतात, घरात अजून चालतात, असं मुलगी अधूनमधून कळवते.

मी नोकरीला पनवेलमध्येच राहिले. परवा गव्हाणहून एक आजी आल्या, सून बरोबर होती. तोच आजार, तसेच अडणारे पाय. मी सवयीने विचारलं, "दारात अडतं का, आजी?"

"दारान नाय गो. घरान काय पन होत नाय," त्या म्हणाल्या. "आमी मासली घेवाला गेलो, न् मासलीवाली समोर दिसली, का पाय चिकाटतान."

"फक्त मासळीवालीसमोर? भाजीवालीसमोर नाही?"

आजींनी विचार केला. "नाय. मासलीवालीच."

सून म्हणाली, "मॅडम, असं असतं का कधी?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "बाजार किती वाजता भरतो? मी येऊन बघते."